मदत हवी आहे: साल्हेरवर मुक्काम, पाण्याचं काय?

फेब्रुवारीअखेर नाशिक जिल्ह्यातल्या साल्हेर किल्ल्यावर (1567 मीटर) मुक्कामी जायचंय. आम्ही चौघं. बाबाही आहेत, चालायला पक्के, पण गुडघ्यांमुळे त्यांच्या पाठीवर ओझं द्यायचं नाही. वाघांब्याहून साल्हेर-सालोटा खिंडीतून चढून साल्हेरवाडीत उतरणार. रात्री परशुराम मंदिराखालच्या गुहेत. तंबू नाही, स्लीपिंग बॅग, मॅट आणि छोटा स्टोव्ह आहे.

बरेच जुने लेख वाचले. गडावरच्या गंगासागर तलावात पाणी असतं म्हणतात, पण उन्हाळ्याच्या तोंडावर ते कितपत स्वच्छ, हे कुठेच नीट कळत नाही. सगळं पाणी खालून न्यायचं तर बाबांचा वाटाही आम्हालाच उचलावा लागेल, आणि त्या कातळपायऱ्यांवर जड सॅक मला नकोच वाटते. गाळून, उकळून प्यायची तयारी आहे.

अलीकडे त्या दिवसांत तिथे कुणी राहिलंय का? उकळल्यावर ते पाणी पिण्याजोगं होतं का? आणि 2025 मध्ये गड जागतिक वारसा यादीत गेल्यापासून गुहेत मुक्कामाला परवानगी लागते का, लागत असल्यास कुणाची?