मदत हवी आहे: दहावीनंतर एक वर्ष जर्मनीत आणि मग लातूरची अकरावी, जमेल का?

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही लातूरचे. लेक दहावीत आहे. रोटरी क्लबच्या युथ एक्सचेंजमधून (पोरांच्या अदलाबदलीची योजना) एक शालेय वर्ष जर्मनीला जायचं तिनं डोक्यात घेतलंय. तिकडच्या शाळेची फी नाही, राहणं-खाणं तिकडच्या कुटुंबात, वर दर महिन्याला थोडा हातखर्च. तिकीट, विमा आणि व्हिसा आपला. यांनी पतसंस्थेतून कर्ज काढायची तयारी दाखवली, म्हणजे पैशाचं एकवेळ जमेल.

अडलंय ते अकरावीशी. लातुरात दहावीचा शेवटचा पेपर झाला की आठवड्यात पोरं ट्यूशन एरियात दिसायला लागतात. पाठीवर सॅक, हातात नव्या बॅचचं आयकार्ड. तिला डॉक्टर व्हायचंय, त्यावरही ती ठाम आहे. सगळे नातेवाईक एकच म्हणायलेत, "वर्ष वाया घालवू नका." जाऊबाईंनी तर विचारलं, "नापास झाली का काय?" सासूबाईंचा प्रश्न वेगळाच, "तिकडं ज्वारी मिळते का गं?"

माझे प्रश्न असे. वर्षाची गॅप पडली तर पुढं मेडिकलच्या नीट परीक्षेला किंवा मेडिकलच्या राज्य कोट्याला अडचण येते का? की अकरावी इथं करून मग पाठवावं? कुणी मराठवाड्यातून पोर पाठवलंय का? आणि "तिकडची अकरावी इथं धरतात" असं एक ओळखीचे सांगत होते, ते खरं का?

नांदेडचा काका: ताई, शेवटच्यापासून सांगतो. ती अकरावी धरतील या भरवशावर अजिबात राहू नका. तिकडं ती पाहुणी विद्यार्थिनी म्हणून वर्गात बसणार, शिकवणार जर्मनमधून. आल्यावर अकरावी पहिल्यापासून करायची असंच धरून चला.

नीटला आता वयाची वरची अट नाही, ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण लागतात, एवढंच. राज्याच्या ८५ टक्के कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, शिवाय डोमिसाईल, म्हणजे रहिवासी दाखला. मधलं वर्ष बाहेर काढलं तर या दोन्हींना धक्का लागत नाही. अकरावी करून पाठवू मात्र नका. नीटचा निम्मा अभ्यास अकरावीचा. वर्षभरानं येईल तेव्हा सगळं पुसलेलं असेल आणि समोर बारावी.

धपाटे दही: माझी पुतणी संभाजीनगरहून गेली होती, फ्रान्सला. खरं सांगते, पहिले तीन महिने पोरगी मुकी होती. जेवणाच्या टेबलावर सगळे हसायचे तेव्हा ही पण हसायची, कशावर ते न कळता. दिवाळीच्या फोनवर नुसती रडली. भाऊ परत आणायला निघाला होता, वहिनींनी थांबवलं. नाताळनंतर फोन कमी झाले, तेव्हा आम्ही ओळखलं की रुळली.

वर्षात घरं दोन-तीन बदलतात, त्याची मनाची तयारी ठेवा. गाडी चालवायची नाही, दारू नाही, प्रेमप्रकरण नाही, हे नियम कडक आहेत, मोडले तर परत पाठवतात. शाकाहारी असाल तर अर्जातच स्पष्ट लिहा. आणि कोटाला लावायला इथल्या पिना, बिल्ले भरपूर द्या. ही पोरं ब्लेझरवर एकमेकांच्या पिना लावून घेतात, हिचा येताना दोन किलोचा झाला होता!

परतल्यावर गणित जड गेलं, हेही सांगते. जमलं तर जाताना अकरावीची पुस्तकं मोबाईलमध्ये टाकून द्या. उघडेलच असं नाही.

मांजराकाठ: परतीची तारीख आधी विचारा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन झालेत. पोरगी जुलैच्या शेवटी उतरली आणि फेऱ्या उरकलेल्या असल्या तर हवं ते कॉलेज हुकेल. दहावीची मूळ कागदं घरी कुणाच्या तरी ताब्यात ठेवा. पासपोर्ट काढताना आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. १५ पूर्ण असतील तर १० वर्षांचा मागता येतो, नाहीतर १८ ला परत काढावा लागेल.

मूळ प्रश्नकर्ती: काका, ताई, दादा, फार आभार. यांना तुमची उत्तरं वाचून दाखवली, दोनदा. दहावीनंतरच पाठवायचं असं ठरत आलंय.

एक गोष्ट क्लबात गेल्यावर कळली. तिकडचं एखादं पोर काही महिने आपल्याकडं ठेवायची तयारी लागते म्हणे. ठेवू, खोली आहे. पण आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून आमच्या घरात आंघोळीला एकच बादली, हा नियम आहे. ते जर्मन लेकरू बादलीत भागवेल का, या विचारानं मला आत्तापासून घाम फुटलाय.

आता नवी अडचण. तिच्या जन्मदाखल्यावर नावच नाही, रकाना कोरा. बाळंतपण माहेरी, औसा तालुक्यात झालं, बारसं नंतर, आणि नाव चढवायचं राहूनच गेलं. पासपोर्ट शाळेच्या कागदावर निघेल म्हणतात, पण व्हिसाला जन्मदाखला मागतात. नाव चढवायला नोंदणीपासून १५ वर्षांची मुदत असते असं ऐकलं, आणि तिला जानेवारीत १५ पूर्ण होतायत. सोमवारी ग्रामपंचायतीत जाते. सोबत शाळेचा बोनाफाईड आणि आमची दोघांची आधार कार्डं एवढं पुरतं का? कुणी नुकतंच करून घेतलं असेल तर सांगा.