नाताळच्या फेरीवरून मंडळीत भांडण, कोणती वचनं द्यावीत?

ढोलकीवाला_निझामपुरा
प्रभूच्या नावात सगळ्यांना सलाम. बडोद्यातली आमची मंडळी (चर्च) लहानशी, निम्मी घरं मराठी, निम्मी गुजराती. नाताळाआधी कॅरलची फेरी निघते. ढोलकी, हार्मोनियम, भाड्याचा टेम्पो, आणि घरोघरी मिळणारी पाकिटं. मार्ग आम्ही मराठी पोरं ठरवतो, कारण आम्ही सगळे फतेगंज-निझामपुऱ्याचे. त्यामुळे मकरपुऱ्याला पोचेपर्यंत रात्रीचे साडेबारा. परवा तिथल्या एका काकांनी ग्रुपवर लिहिलं, "दर वर्षे छेल्ला अमे ज?" म्हणजे दर वर्षी शेवटी आम्हीच का? झालं! कोणी म्हणालं गाणी मराठीच जास्त असतात, कोणी म्हणालं पाकिटांचा हिशोब दाखवा. एकाने भावांनी एकोप्याने राहण्याचं स्तोत्र १३३ टाकलं तर भांडण आणखी पेटलं. पाद्रीसाहेब म्हणतात प्रार्थना करा. एकजुटीने काम करण्याविषयी चांगली वचनं सुचवा, बॅनरवर छापायचा विचार आहे.

सरळ_बोलणारा
दोन टोळ्या करा, एक मराठी, एक गुजराती. बायबलमधले पौल आणि बर्णबा हे प्रचारक सोबतीसुद्धा वेगळे झालेच की. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ वाचा.

प्रतापनगरची_मावशी
बॅनर नको रे बाळा. ज्याच्या दारात मध्यरात्री ढोलकी वाजते त्याला ऐक्याचं वचन पाठवलं की त्याला ऐकू येतं "गप्प बसा". त्यापेक्षा प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ काढ आणि सावकाश वाच.

यरुशलेमेच्या मंडळीत हेच झालं होतं. ग्रीक बोलणारे यहूदी कुरकुरायला लागले की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. येशूच्या बारा प्रेषितांनी त्यांना झापलं नाही, एकीवर प्रवचनही झोडलं नाही. सगळ्यांना बोलावून सांगितलं, आम्ही देवाचं वचन सोडून पंगतीत वाढणं बरं नाही, तुमच्यातलीच नावाजलेली, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसं निवडा. आता नावं बघ. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही ग्रीक वळणाची. नीकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदीही नव्हे. म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच हाती वाटप गेलं. आपल्या कमिट्यांत उलटं चालतं, जो तक्रार करतो त्याचं नाव पुढच्या वर्षी यादीतून गळतं.

म्हणून त्या मकरपुऱ्याच्या काकांकडे जा. ग्रुपवर नको, घरी. मत्तय १८:१५ मध्ये प्रभू एकांतात जायला सांगतो ते अपराध करणाऱ्या भावाकडे. इथे अपराध काकांचा नाही, पण रीत तीच ठेव. चहा घे आणि मार्ग आखायचं काम त्यांना दे. नुसता सल्ला विचारू नकोस, वही आणि टेम्पोवाल्याचा नंबर दोन्ही त्यांच्या हातात ठेव. ते फतेगंजला शेवटी टाकतील कदाचित. टाकू देत.

पाकिटांचं म्हणशील तर करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय बघ. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा होत होती, तेव्हा पौलाने ती एकट्याच्या हाती ठेवली नाही. आपला सोबती तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ धाडला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. प्रभूपुढेच नाही तर माणसांपुढेही ठीक दिसावं म्हणून. मी बरीच वर्षं महिला संघाची खजिनदार होते. पाकिटं फोडायला दोन वेगळ्या घरची माणसं बसायची, रक्कम त्याच रात्री वहीत. सासू-सून जोडी चालत नसे. यावरून माझ्या जावेने अबोला धरला होता, ते असो.

वरच्या भाऊंना एक सांगते. पौल-बर्णबा भाषेवरून वेगळे झाले नाहीत. त्यांचा सोबती मार्क आधीच्या प्रवासात पंफुल्याहून अर्ध्यातच परत गेला होता, त्याला पुन्हा सोबत न्यायचं का, यावरून कडाक्याचं वाजलं. बर्णबा त्याला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाबरोबर सूरिया-किलिकियात. आणि पुढे तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. एवढं मन मोठं ठेवणार असाल तर खुशाल करा दोन टोळ्या.

मांजलपूरकर_ताई
नहेम्या ३ पण वाचा. यरुशलेमेचा कोट बांधताना कितीतरी जणांनी आपापल्या घरासमोरचाच भाग दुरुस्त केला. त्या हिशोबाने मकरपुऱ्याच्या गल्ल्या मकरपुऱ्याच्याच माणसांनी आखाव्यात. तकोवाच्या सरदारांनी कामाला खांदा दिला नाही हेही तिथे लिहून ठेवलंय! आणि बारावं वचन सहसा कोणी वाचत नाही, शल्लूमाबरोबर त्याच्या मुलीही कामाला होत्या. आमच्या फेरीत मुली गायला चालतात, ठरवायला चालत नाहीत. तुमच्याकडे?

ढोलकीवाला_निझामपुरा
ताई, आमच्याकडेही तसंच. बैठकीत मुली असतात त्या चहा देताना. या वेळी दोघींना बसवतो.
मावशी, काकांना फोन केला. आधी तुटक बोलले, मग रविवारी उपासनेनंतर घरी या म्हणाले. अडचण एकच, टेम्पोवाल्याला बयाणा देऊन झालाय, फतेगंजहून निघायचं ठरवून.

प्रतापनगरची_मावशी
बयाणा राहू दे, निघायची जागा बदल. भाड्यात थोडा फरक मागेल, तो काकांसमोरच ठरव. आणि हार्मोनियम पावसाळ्यानंतर उघडून बघितलीस का? भाता फाटलेला असेल तर आत्ताच दे दुरुस्तीला, डिसेंबरात कारागीर भेटत नाही.