श्रद्धा आणि सत्यशोध
श्रद्धा दृढ असली की सत्य शोधण्याची गरज उरत नाही, हे मत मला पटत नाही. पुण्यात १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतीराव फुले ईश्वराला ‘निर्मिक’ म्हणत, म्हणजे श्रद्धा त्यांनी सोडली नव्हती. त्यांनी नाकारली ती निर्मिक आणि माणूस यांच्यामधली मध्यस्थी. सत्यशोधाला लागणाऱ्या धैर्याचा विचार करताना मात्र मला सावित्रीबाईच आधी आठवतात. १८४८ मध्ये भिडे वाड्यातील मुलींच्या शाळेत शिकवायला जाताना शेण-चिखलाचा मारा सोसणाऱ्या सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा केली आणि त्याच आजाराने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले, तेही वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ज्या वयात घरी थांबल्या असत्या तरी कोणी त्यांना दोष दिला नसता.