मदत हवी आहे : बोर्डो मिश्रणाचे आयनिक समीकरण कसे लिहावे?

नमस्कार. निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या शाळेतून दहावी करून मी सध्या बेळगावात पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पहिल्या वर्षाला विज्ञान शाखेत शिकत आहे. अथणी तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग असून तिच्यावर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारतात. १ टक्क्याच्या मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) प्रत्येकी १ किलो घेतात. त्याचे समीकरण मी असे लिहिले आहे :

कॉपर सल्फेट + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट

हे संतुलित आहे. मात्र आयनिक रूप लिहिताना चुना आयनांत फोडावा की घन म्हणून अखंड ठेवावा, आणि कॅल्शियम सल्फेट अल्पविद्राव्य असल्याने सल्फेट हा प्रेक्षक आयन (अभिक्रियेत भाग न घेणारा) मानून वगळावा की नाही, हे ठरवता येत नाही. शिवाय दोन्ही बाजूंचे अणू जुळले की आयनिक समीकरणही संतुलित झाले, असे समजावे का?

प्रतिसाद :

पदार्थ त्या पाण्यात प्रत्यक्ष ज्या रूपात असेल, त्याच रूपात तो लिहावा. चुन्याच्या निवळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड पूर्ण विरघळलेले असते, म्हणून ते फोडावे. निवळी आणि मोरचुदाचे पातळ द्रावण सारख्या मापाने मिसळले, तर कॅल्शियम व सल्फेट विरघळलेलेच राहतात आणि दोघेही प्रेक्षक आयन ठरतात :

कॉपर आयन (२+) + २ हायड्रॉक्साइड आयन (१−) → कॉपर हायड्रॉक्साइड (घन)

मामांच्या पिंपातले चुन्याचे दूध मात्र वेगळे. त्यातला बहुतेक चुना न विरघळता तरंगत असतो. लिटरमागे १० ग्रॅम मोरचुदापासून साधारण साडेपाच ग्रॅम कॅल्शियम सल्फेट तयार होईल, तर लिटरभर पाण्यात ते जेमतेम २ ग्रॅम विरघळते. म्हणजे निम्म्याहून अधिक खाली बसणार. तेव्हा येथे सल्फेट वगळू नये :

कॉपर आयन (२+) + सल्फेट आयन (२−) + कॅल्शियम हायड्रॉक्साइड (घन) → कॉपर हायड्रॉक्साइड (घन) + कॅल्शियम सल्फेट (घन)

(प्रत्यक्ष मिश्रणात कॉपरची आम्लारिधर्मी सल्फेटेही तयार होतात; पीयूसीच्या अभ्यासासाठी ती बाजूला ठेवलेली बरी.)

अणू जुळणे पुरेसे नाही, प्रभारही जुळला पाहिजे. मोरचुदाच्या द्रावणात ॲल्युमिनियम टाकल्यावर ‘ॲल्युमिनियम + कॉपर आयन → ॲल्युमिनियम आयन + कॉपर’ असे लिहिले, तर अणू जुळतात, पण डावीकडे प्रभार २+ आणि उजवीकडे ३+ असतो. म्हणून ॲल्युमिनियमचे २ आणि कॉपरचे ३ घ्यावे लागतात. मग दोन्हीकडे ६+ येतो.

परीक्षेत ‘कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे द्रावण’ असे म्हटले असेल तर निवळी धरून उत्तर लिहावे, आणि प्रत्येक पदार्थाची अवस्था कंसात अवश्य द्यावी.