पॅरानोया : संशय म्हणावं की भ्रम?

करवीर : मानसिक आरोग्याच्या मराठी पत्रकात 'पॅरानोया'ला 'संशयी स्वभाव' लिहावं का? कोल्हापुरात 'लई डाऊट खातो' म्हणतात, ते जवळचं आहे का?

स्थाणू : नाही, दोन्ही नकोत. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेत, संशय म्हणजे मनाचं दोन टोकांत हेलकावणं. पहाटे रंकाळ्यावर धुक्यात काहीतरी उभं दिसतं. खांब की माणूस? 'स्थाणुर्वा पुरुषो वा' हे 'तर्कसंग्रह' या न्यायाच्या ग्रंथातलं उदाहरण हेच. जवळ गेलं की संशय फिटतो. दोरीला साप ठरवून मोकळं झालं की तो विपर्यय, म्हणजे ज्ञान चुकीचं पण खात्री पक्की. पॅरानोया या बाजूचा. 'शेजारी पाण्यात विष कालवतोय' असं वाटणाऱ्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. 'संशयी' छापलंत तर घरचे पुरावा दाखवायला जातील. पाणी तपासून आणलं, तर तपासणाराही कटातला ठरतो.

गंगावेस : म्हणून 'भ्रम'. 'भास' लिहू नका, तो इंद्रियांचा: कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं. भ्रम समजुतीचा. गल्लीतून गेलेली फटफटी खरी, पण 'ती माझ्यावर पाळत ठेवायलाच फिरते' हा भ्रम. 'संभ्रम'ही टाळा. बोलीत त्याचा अर्थ गोंधळ, आणि इथं गोंधळ नसतोच.

करवीर : मग 'छळाचा भ्रम'?

स्थाणू : त्या एका प्रकाराला चपखल. जोडीदार फसवतोय किंवा आपण थोर कुणीतरी आहोत, हेही भ्रमच, त्यांना तो शब्द पुरणार नाही. मूळ ग्रीक शब्दातही संशय नाही: 'पारा' म्हणजे पलीकडे, 'नूस' म्हणजे मन. सर्वांना मिळून 'भ्रमविकार' लिहा. पण चार दिवसांच्या धास्तीला हे नाव देऊ नका. डीएसएम-5 या अमेरिकी मनोविकार-निदानपुस्तिकेत निदानासाठी भ्रम किमान 1 महिना टिकावा लागतो, आयसीडी-11 या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात साधारण 3 महिने.

गंगावेस : घरच्यांसाठीच्या ओळींत 'समजूत काढा' हे शब्द घालू नका. वाद घातला तर माणूस दुरावतो, होला हो केलं तर भ्रमाला साक्षीदार मिळतो. थेट वाक्यच छापा: 'तुम्हाला भीती वाटतेय, हे कळतंय. झोप लागते का?' झोपेच्या तक्रारीवरून माणूस डॉक्टरांकडे यायला तयार होऊ शकतो. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ठळक टाइपात द्या.