अक्कलदाढ आणि विमा: नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

डावीकडची खालची अक्कलदाढ आडवी आलीये. ओपीजी काढला, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे. ओरल सर्जन म्हणाले, हिरडी कापून दाढेचे तुकडे करूनच काढावी लागेल, नऊ हजार धरून चला. पाच लाखांची मेडिक्लेम आहे, सात वर्षं हप्ता भरतोय, म्हणून एजंटला फोन लावला. तो हसलाच. "साहेब, दात नाही येत त्यात!" आता दातांसकट पॉलिसी शोधतोय. ज्यांना पैसे मिळाले, जे मिळवता मिळवता दमले, सगळ्यांनी लिहा. कंपन्यांची नावं नकोत, उगाच भांडणं होतात.
– इंदिरानगर

आमच्या कारखान्याची ग्रुप पॉलिसी. एचआर म्हणालं, डेंटल आहे. आहेच, पण पुढची ओळ कोणी वाचली नव्हती: अपघातामुळे इजा झाली आणि अ‍ॅडमिट व्हावं लागलं तरच. माझी दाढ पाऊण तासात खुर्चीतच निघाली, गालाला बर्फ लावून स्कूटरवर घरी आलो. क्लेम गेला. एका हितचिंतकाने सुचवलं, एक रात्र अ‍ॅडमिट दाखव. सर्जनांनी सरळ नकार दिला, आणि आता वाटतं बरं झालं. खोटा कागद पकडला गेला असता तर पुढचे खरे क्लेमही अडकले असते.
– अंबड

मी ओपीडी कव्हर, म्हणजे अ‍ॅडमिट न होता केलेल्या उपचारांचा विमा, जोडून पॉलिसी घेतली. जादा हप्ता चार हजारांच्या आसपास, दातांसाठी वर्षाला मर्यादा पाच हजार. एजंट म्हणाली, दात काढणं येतं. कागद हातात आल्यावर पोळ्या लाटता लाटता मुलाकडून एकेक कलम वाचून घेतलं. दात काढणं होतं, 'शस्त्रक्रियेने काढणं' मात्र वगळलेलं! अडकलेली दाढ शस्त्रक्रियेशिवाय निघते कुठे? पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, ती केली. थोडी कपात होऊन पैसे आले. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झालाय खरा. पण नऊ हजारांच्या एका दाढेसाठी दर वर्षी चार हजार? माझं गणित जुळलं नाही. घरात चौघांच्या दातांची कामं निघणार असतील तर वेगळी गोष्ट.
– गंगापूर रोड

महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, कापला जात असेल तर आधी ते कार्ड काढा. वडिलांची दाढ त्यावरच निघाली, खिशातून काही गेलं नाही.
– सातपूर

लेक एमएससाठी अमेरिकेत आहे. तिकडे दातांचा विमा वेगळाच घ्यावा लागतो. तिने पाहिलेल्या प्लॅनमध्ये दाढेच्या शस्त्रक्रियेला सहा महिने वेटिंग आणि वर्षाला कमाल 1,000 डॉलर. त्यात बसेना. शेवटी दिवाळीत आली तेव्हा कॉलेज रोडलाच दोन्ही दाढा काढून घेतल्या. फराळाचे डबे समोर आणि ही पातळ वरणभात खातेय! मुलं जाणार असतील तर व्हिसाच्या आधी ओपीजी काढा.
– कॉलेज रोड

माझ्या पॉलिसीत ओपीडी डेंटल स्पष्ट लिहिलेलं. तरी 'आजार आधीपासूनचा' म्हणून नकार. फोनवर वाद घातला नाही. नकार लेखी मागितला, कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला आणि एक महिना थांबले. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज. आपलं नाशिक त्यांच्याकडेच येतं, फी नसते. सुनावणीच्या आधीच कंपनीने पैसे दिले. ओपीजी, पक्कं बिल, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं जपून ठेवलं होतं म्हणून जमलं.
– नाशिकरोड

विमा वगैरे काही नाही. पंचवटीतल्या डेंटल कॉलेजात काढली, खाजगीपेक्षा बरीच स्वस्त. शिकाऊ डॉक्टर, पण सर शेजारीच उभे. भूल असल्याने दुखलं नाही, कानात कर्रर्र आवाज तेवढा आला. रविवारची मिसळ मात्र दोन आठवडे हुकली.
– पंचवटी

सगळ्यांचे आभार. एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारलं: 'अडकलेली अक्कलदाढ, अ‍ॅडमिट न होता, क्लिनिकमध्ये शस्त्रक्रियेने काढली तर नेमके किती मिळतील?' परवापासून ब्लू टिक दिसतेय, उत्तर नाही. सोमवारी सकाळी पंचवटी गाठतोय.
– इंदिरानगर