पाचटाच्या कोळशाचा सल्ला देणाऱ्यांनी आधी भट्टीसमोर बसावं

खोडवा_कराड:
परवा इथं एकानं उसाच्या पाचटाबद्दल, म्हणजे वाळल्या पाल्याबद्दल, लिहिलं, ‘पाचट पेटवणारा शेतकरी अडाणी. कांडी कोळसा करा, घरबसल्या धंदा.’ वाचून डोकं उठलं. मी दोन हंगाम हेच केलंय. डब्यांत पाचट दाबून भरायचं आणि डबे तापवायला भट्टीत पुन्हा पाचटच जाळायचं. शंभर किलो भरलं तर कोळशाची पूड तीस किलोच्या आत. ती खळीत मळा, यंत्रातून कांड्या पाडा, वाळवा. एक अवकाळी सर आली आणि अंगणभर काळा चिखल. आता मी बुडखे छाटतो आणि एकरी तीन-चार टन पाचट सरीतच कुजवतो. त्यातलं पालाश, कर्ब शेगडीत कशाला घालू?

फलटणकर:
दादा, तुम्हाला जमलं नाही म्हणून तंत्र खोटं ठरत नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेला याच कामासाठी २००२ साली ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. तुम्ही कुजवता, पण बाकीचे? ऊसतोडी संपल्यावर संध्याकाळी रस्त्यानं जाऊन बघा, धुरानं समोरचं दिसत नाही. पाचटातलं नत्र तर हवेतच जातं.

इस्त्रीवाल्यांची_सून:
आमच्या इस्त्रीच्या दुकानात हा कोळसा वापरलाय. लाकडी कोळशासारखी ठिणगी उडत नाही, धूर नाही. पण राख फार. एकदा पांढऱ्या झब्ब्यावर सांडली, सासऱ्यांना गिऱ्हाइकाला पैसे भरून द्यावे लागले. घरच्या शेगडीला मात्र मी आजही तोच घालते.

खोडवा_कराड:
धुराचं आम्हाला सांगू नका. पेटवतात ते ऊस तोडणारे तोडकरी. खुशाली, म्हणजे तोडीसाठी मागतात ते वरचे पैसे, दिली नाही म्हणून तिसऱ्या रात्री माझा फड पेटला. जळीत ऊस म्हणून कारखान्याच्या बिलातून कपात माझी झाली!

कोयता_बीड:
थांबा. पेटवताना पाहिलंत? माझे आईबाप वीस वर्षं तोडीला गेले. पाचटानं आईच्या मनगटांवर ब्लेड मारल्यासारख्या चिरा असायच्या. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकून तेल-मीठ यायचं. ऊस जळाला की वाढंही जळतं. आपल्याच पोटावर काडी कोण लावेल? जळका ऊस आधी तोडतात, मग तोड लवकर मिळावी म्हणून मालक पेटवतात, नाव आमचं.

सांगली_आडसाली:
मालकांचं दुखणं पण ऐका. टोळीला एकरी खुशाली, वर ड्रायव्हरला खेपेगणिक ‘एन्ट्री’चे पैसे. नाही म्हटलं तर ऊस फडात वाळतो, वजन आमचं घटतं.

कोयता_बीड:
खुशालीचं टोळीच्या मुकादमाला विचारा. मुकादम आगाऊ उचल देऊन आम्हाला बांधतो, तुमच्याकडूनही घेतो. आईच्या हातात त्यातलं काय पडलं ते मला माहीत आहे.

फलटणकर:
अहो, धागा कोळशाचा आहे.

खोडवा_कराड:
पेटवताना पाहिलं नाही, खरं आहे. वाढ्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण कपात झाली ती झालीच, ते विसरणार नाही. आणि फलटणकर, ज्यांचं पाचट पेटणारच आहे त्यांच्या बांधावर भट्टी लावा, माझी ना नाही. माझे सात डबे गोठ्यामागे गंजत पडलेत, घेऊन जा. माझं पाचट मात्र मिळणार नाही.